पुसायच्या यादीतली अठरावी जागा

सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि रुपेर्ता कबाहुग चार नंबरच्या खोलीत खाटेचा डावा कठडा पुसत होती. फडकं दोनदा दुमडलेलं होतं. दोनदा दुमडलं की आठ बाजू मिळतात, आणि एका बाजूनं एकच जागा पुसायची. कठडा झाला की बाजू पालटायची आणि घंटेचं बटण घ्यायचं. आठही बाजू संपल्या की फडकं पिवळ्या बादलीत टाकायचं आणि नवं काढायचं. वरून खाली यायचं, स्वच्छ जागेकडून घाणीकडे जायचं, आणि संडासाच्या दाराची कडी सगळ्यात शेवटी. खाटेवरचं पोर झोपलेलं होतं. त्याची आई खाटेखाली पुठ्ठ्यावर आडवी झाली होती. रुपेर्ता तिच्या पायाला धक्का न लावता पलीकडे गेली.

सेबूजवळच्या एका बेटाच्या दक्षिण टोकाला, बाजारामागच्या चढावर हे सरकारी इस्पितळ आहे. लहान मुलांच्या वॉर्डात बारा खोल्या आहेत आणि रुपेर्ता तिथं एकोणीस वर्षं सफाईला आहे. वय त्रेपन्न, उजवा गुडघा धरतो, चष्मा दोरीला बांधलेला. त्याआधी नऊ वर्षं तिनं सुक्या मासळीच्या वाड्यात मासे चिरले होते. सुरी कुठं फिरली आणि कुठं राहिली, हे न बघता हाताला कळायला हवं, हे तिला मासळीनं शिकवलं, असं ती म्हणते. नवरा क्रिस्पुलो नारळीच्या पातीत शिजवलेल्या भाताच्या पुड्या बस थांब्यावर विकतो. वॉर्डात तिला सगळे नांग पेर्ता म्हणतात. नांग म्हणजे थोरली बहीण, आणि तिला तसं न म्हणणारे फक्त डॉक्टर.

प्रत्येक खोलीच्या दारामागे एक यादी चिकटवलेली होती. तिच्यात सतरा जागा होत्या: कठडे, बटण, नळाची मूठ, सलाइनचा स्टँड, लॉकरचा वरचा फळा, असं करत करत दाराच्या कडीपर्यंत. आठवड्यातून दोनदा इस्पितळाची संसर्गावर लक्ष ठेवणारी नर्स, शारीस ओमोलोन, आदल्या दुपारी या सतरा जागांवर वाळल्यावर दिसत नाही अशा शाईचा एकेक ठिपका ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी जांभळ्या दिव्यानं तपासायची. ठिपका चमकला म्हणजे फडकं तिथं पोचलेलं नाही. बाकीच्या वॉर्डांत चार-पाच ठिपके चमकायचे. रुपेर्ताच्या वॉर्डात गेल्या मे महिन्यात एकदा एक चमकला होता. तो कुठला, हे ती अजून सांगते.

आणि तरीही बारा दिवसांत तीन मुलं वॉर्डात येऊन आजारी पडली होती.

तीन नंबरातलं पोर घरूनच जुलाब-उलट्या घेऊन आलं होतं. तपासणीत रोटा व्हायरस निघाला. ते बरं होऊन घरी गेलं. पण मग सात नंबरात डेंगीसाठी आलेल्या मुलीला जुलाब लागले. नंतर दोन नंबरातल्या न्यूमोनियाच्या पोराला, आणि सोमवारी पहाटे दहा नंबरात, दम्यासाठी आलेल्या चार वर्षांच्या किर्बीला. हा विषाणू सुक्या कठड्यावरही दिवसच्या दिवस टिकतो, हे रुपेर्ताला शिबिरात सांगितलं होतं. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, दहा मिनिटं जागा ओली राहिली पाहिजे. ती घड्याळ लावून पुसायची.

सोमवारी सफाई कंत्राटदाराचा सुपरवायझर विल्मार येऊन दारात उभा राहिला होता. वय चौतीस, इस्त्रीचा शर्ट.

“नांग, सतराच्या सतरा जागा साफ, आणि पोरं मात्र आजारी. हे गणित मला कुणी समजावून सांगेल का?”

“मला आलं असतं तर सुपरवायझर नसते झाले, सर?”

“तुमच्या जावयाचं दुकान आहे म्हणे. नोटा तपासायचा जांभळा दिवा असेलच त्याच्याकडे. आधी ठिपके शोधायचे, मग तेवढेच पुसायचे. असं करतात काही जण.”

“आहे ना दिवा. पाचशेची नोट असेल तर आणा, खरी की खोटी सांगते.”

विल्मार हसला नाही. “आणखी एक मूल पडलं तर तुम्हाला इथून काढून बाहेरच्या आवारात टाकणार. गाड्या लावायच्या जागेत झाडू मारा. तिथं व्हायरस नसतो.”

आवारात कामाला दोन बायका होत्या, दोघी साठीच्या पुढच्या. तिकडे गेलेलं माणूस परत वॉर्डात आलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

आज मंगळवार होता. सात वाजता शारीस दिवा घेऊन आली. ती एकोणतीस वर्षांची होती आणि तिचे केस अजून ओले होते. खिडक्यांचे पडदे ओढून दोघी खोलीमागून खोली फिरल्या. दहा नंबरातून बाहेर येऊन शारीसनं दिवा बंद केला.

“सतरापैकी सतरा. नांग, खरं सांगू? एखादी तरी जागा चुकली असती तर मला बरं वाटलं असतं.”

“मलाही, मॅम.”

“काहीतरी आहे जे तीनमधून सातमध्ये जातं, सातमधून दोनमध्ये आणि दोनमधून दहात. पण सहामध्ये जात नाही, आठमध्ये जात नाही. डॉक्टर सगळीकडे जातात. जेवणाची गाडी सगळीकडे जाते. थर्मामीटर ज्याचं त्याचं. मग काय जातं?”

“काही नाही जात, मॅम.”

“विचार करा. माझ्यापेक्षा तुम्हीच इथं जास्त असता.”

शारीस गेली. रुपेर्तानं हातमोजे बदलले आणि दहा नंबरात परत गेली, कारण आज तिसरा दिवस होता आणि सांतो निन्योला पुढच्या खोलीत न्यायचं होतं.

वॉर्डाची ही बाळयेशूची मूर्ती वीतभर उंचीची. डोक्यावर मुकुट, अंगावर लाल मखमलीचा झगा, हातात पृथ्वीचा गोळा. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी बरं होऊन गेलेल्या एका मुलीच्या आईनं ती दिलेली. तेव्हापासून निन्यो खोलीतून खोलीत फिरतो. ज्या आईला तो हवा असेल तिनं आपला रुमाल रुपेर्ताकडे द्यायचा. ती रुमाल ॲप्रनच्या खिशात क्रमानं ठेवते. तीन दिवसांनी पाळी आली की रुमाल मूर्तीच्या हातावर टाकून निन्यो त्या खोलीतल्या लॉकरवर नेऊन ठेवायचा. मग आई त्या रुमालानं मूर्तीचे पाय पुसते, तोच रुमाल पोराच्या कपाळावरून, छातीवरून, ओठांवरून फिरवते आणि उशीखाली ठेवते. पोराला उठता येत असेल तर ते पायाचा मुका घेतं. मुके घेऊन घेऊन डाव्या पायाचा रंग केव्हाच उडाला होता. निन्योला नेणं हे काम रुपेर्ताला कुणी नेमून दिलेलं नव्हतं. पहिल्या आईनं मूर्ती तिच्या हातात दिली होती, म्हणून ते तिचं. एकोणीस वर्षांत इस्पितळात तिच्या नावावर असलेली ही एकच गोष्ट.

ती त्याला कधी ब्लीच लावायची नाही. त्याच्यासाठी खिशात वेगळं मऊ फडकं होतं, कोरडं. त्यानं ती रोज धूळ झटकायची.

दहा नंबरात किर्बी उठून बसला होता. त्याच्या आईनं, नेनीतानं, नुकताच त्याचा लंगोट बदलला होता आणि बोळा करून कोपऱ्यातल्या डब्यात टाकला होता. तिनं निन्योच्या झग्याची कड सारखी केली, मग रुमाल घेतला.

“नांग, आजच नेता का? त्याचे जुलाब अजून थांबले नाहीत. अजून एक दिवस ठेवा ना.”

“अकरा नंबरची आजी चार दिवसांपासून थांबलीय, दाय.” तरुण बायकांना ती दाय म्हणते, म्हणजे पोरी.

“मग एकदा पाय पुसू द्या.” नेनीतानं रुमाल पायांवरून फिरवला आणि किर्बीच्या ओठांना लावला. किर्बीनं रुमालाचं टोक तोंडात धरलं. मग ओल्या बोटांनी मूर्तीचा पाय पकडला.

रुपेर्तानं मूर्ती उचलली. खिशातून अकरा नंबरच्या आजीचा निळ्या चौकड्यांचा रुमाल काढून निन्योच्या हातावर टाकला आणि ती बाहेर आली.

दहा ते अकरा नंबर म्हणजे नऊ पावलं. पाचव्या पावलाला ती थांबली.

तिला शारीसचा प्रश्न आठवला असं म्हणणं बरोबर होणार नाही. तिला रुमाल आठवले. आधी तीन नंबरच्या आईचा पांढरा, कडेला जांभळी लेस. मग सात नंबरचा, कुठल्यातरी बँकेचं नाव छापलेला. मग दोन नंबरच्या बापाचा, कारण आई परदेशी कामाला होती. मग नेनीताचा. तीन, सात, दोन, दहा. सहा नंबरवाल्यांचा पंथ वेगळा, ते मूर्ती मानत नाहीत. आठच्या आईनं मागितलाच नव्हता. हा क्रम या इस्पितळात कुठंही लिहिलेला नव्हता. तो फक्त रुपेर्ताच्या खिशात होता.

आणि अकरा नंबरात आठ महिन्यांची मुलगी होती. हृदयाला भोक, ऑपरेशनसाठी सेबू शहरातून तारीख यायची होती. वजन साडेचार किलो. जुलाबाचे दोन दिवस ती काढू शकली नसती, हे समजायला डॉक्टर असायची गरज नव्हती.

रुपेर्ता उलटी वळली आणि धुण्याच्या खोलीत गेली. दार लावलं. मूर्ती मोरीच्या कट्ट्यावर ठेवली.

इथं सगळं गुपचूप निभावता आलं असतं. झगा काढायचा, निन्योला ब्लीचनं पुसायचं, दहा मिनिटं थांबायचं, कोरडा करून न्यायचा. कुणी विचारलं असतं तर उशीर झाला म्हणायचं. शारीस काही दिवस शोधत राहिली असती, मग दुसऱ्या वॉर्डात दुसरं काहीतरी निघालं असतं. रुपेर्तानं झगा काढलासुद्धा. मखमल पायाशी चिकट झाली होती. मग तिच्या लक्षात आलं की मूर्ती पुसून काम संपत नाही. रुमाल अजून उशांखाली होते. सातमधली मुलगी आणि दोनमधला मुलगा अजून वॉर्डात होते, त्यांचे बाप संध्याकाळी घरी जाताना रुमाल खिशात घालून नेत होते, घरी धाकटी भावंडं होती. ते रुमाल परत मागायचे तर कारण सांगावं लागणार.

तिनं ॲप्रनमधलं मऊ फडकं काढलं, बघितलं आणि पिवळ्या बादलीत टाकलं. मग शारीसला बोलावून आणलं.

शारीस आत आली आणि मोरीच्या कट्ट्यावर उघडा निन्यो बघून तिनं आधी क्रुसाची खूण केली.

“मॅम, काय जातं ते विचारत होता ना. हा जातो. मी नेते.”

शारीसनं क्रम विचारला. रुपेर्तानं रुमालांसकट सांगितला. शारीसनं तो हातावर लिहून घेतला.

“माझी आई मला याच वॉर्डात घेऊन आली होती,” ती म्हणाली. “मी त्या पायाचा मुका घेतलाय. सतरा जागांची यादी मी केलीय, नांग, आणि तो लॉकरवर उभा असताना मी त्याच्या आजूबाजूला ठिपके ठेवलेत.”

“मग आता?”

“पुरावा नाही. नमुना शहरात पाठवते, उत्तराला आठवडा लागेल. पण आयांना आठवड्यानं सांगून काय उपयोग.”

निन्योला ब्लीच लावायचं काम रुपेर्तानं शारीसला करू दिलं नाही. तिनं नवं फडकं घेतलं, दोनदा दुमडलं. मुकुट, चेहरा, हात, गोळा, मग पाय. वरून खाली. तोंडानं ती काहीतरी पुटपुटत होती. शारीस म्हणते ती प्रार्थना होती. रुपेर्ता म्हणते ती मिनिटं मोजत होती.

शारीसकडे शाळांमध्ये हात धुणं शिकवायची एक भुकटी होती. बोटांना लागली तर दिसत नाही, जांभळ्या दिव्याखाली हिरवी चमकते. धुतलेल्या पायांवर तिनं चिमूटभर लावली आणि दोघी निन्योला घेऊन दहा नंबरात गेल्या. किर्बीला रोग झालेलाच होता, त्याला आणखी काही होणार नव्हतं. नेनीताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बघू तर द्या.” तिनं नेहमीसारखा रुमाल फिरवला. पाय, कपाळ, छाती, ओठ. मग उशी सारखी केली, पोराला पाणी पाजलं, दार उघडून बाहेरच्या बाईशी दोन शब्द बोलली. वीस मिनिटांनी शारीसनं पडदा ओढला आणि दिवा लावला.

किर्बीचे ओठ हिरवे चमकत होते. त्याची बोटं, पाण्याचा पेला, कठडा, उशीची कड, नेनीताची हनुवटी, दाराची कडी. बाहेर उभ्या असलेल्या बाईच्या मनगटावर तीन बोटं उमटलेली होती.

“म्हणजे मीच,” नेनीता म्हणाली.

“तू नाही, दाय,” रुपेर्ता म्हणाली. “मी नेला.”

वॉर्डात ही बातमी पसरायला जेवणाच्या गाडीइतकासुद्धा वेळ लागला नाही. रुमाल गोळा करायला रुपेर्ता बादली घेऊन निघाली तेव्हा सात नंबरातल्या बापानं मुकाट्यानं दिला. दोन नंबरवाल्यानं विचारलं, उकळला तर आशीर्वाद जातो का? रुपेर्ता म्हणाली, “उकळलेल्या भाताचं पोषण जातं का?” त्यानं थोडा विचार केला आणि रुमाल बादलीत टाकला.

अकरा नंबरची आजी सेव्हेरा, जिला सगळे लोला, म्हणजे आजीच, म्हणत, सोपी नव्हती. ती डोंगराकडच्या गावातून आलेली, सत्तर वर्षांची, नातीला मांडीवर घेऊन बसलेली.

“निन्योला ब्लीच लावलंत म्हणे.”

“लावलं, लोला.”

“उद्या पाद्रीबाबांनाही पुसा. तेही खोलीखोलीत फिरतात.”

“त्यांना हात धुवायला लावते, लोला. दारात बाटली ठेवलीय.”

“चार दिवस मी थांबले. माझा रुमाल तुझ्या खिशात. आणि माझी पाळी आली तेव्हा तुला सुचलं.”

“हो. तुमची पाळी आली तेव्हाच सुचलं.”

आजीनं नातीकडे बघितलं. पोरीचे ओठ नेहमीसारखे निळसर होते, श्वास भराभर चालला होता.

“मग आमच्याकडे आणणार की नाही?”

निन्यो साडेबाराला अकरा नंबरात आला. शारीसनं बाजारातून केक ठेवायचा झाकणाचा पारदर्शक डबा मागवला होता. मूर्ती त्यात बसवली, झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली. मखमल उकळून तिचा लाल रंग बादलीभर पाण्यात उतरला होता, म्हणून निन्योच्या अंगावर तूर्त जुन्या उशीच्या अभ्र्यातून कापलेला पांढरा झगा होता. आजीनं आधी हात धुतले, रुपेर्ता बघत असताना, मनगटापर्यंत. मग डब्याला रुमाल टेकवला.

“पायाचा रंग गेलाय,” ती म्हणाली.

“तो आधीच गेला होता, लोला.”

दीड वाजता विल्मार आला. या वेळी तो दारात न थांबता आत आला आणि धुण्याच्या खोलीत स्टुलावर बसला. हातात कागद होता.

“नांग, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं.”

“माहीत आहे, सर.”

“आता कळलंय, त्यामुळे मला लिहावं लागणार. यादीत नसलेली वस्तू विनापरवानगी खोल्यांमधून फिरवली. लेखी खुलासा द्या, उद्या दोनच्या आत. तो तुमच्या फायलीत राहील. जूनमध्ये कंत्राट बदलताना कोणी फाइल उघडली तर मी काही करू शकत नाही.”

“आणि आवार?”

विल्मारनं कागदाची घडी घातली, उलगडली. “मॅम ओमोलोन म्हणतात, तुम्ही वॉर्डात नसाल तर पुढचं कोण सांगणार. मी म्हटलं, चौथं मूल पडलं तर काढणार. चौथं अजून पडलेलं नाही.”

“पडलं तर?”

“मग आपण परत बोलू.” तो उठला. दारात थबकला. “माझ्या आईकडेही आहे एक. घरी. आम्ही सगळे मुके घेतो.”

“झगा काढून धुवा, सर. मखमल असेल तर रंग उतरेल.”

रुपेर्तानं खुलासा तिथंच बसून लिहिला. सहा ओळी झाल्या. त्यात तिनं क्रम लिहिला: तीन, सात, दोन, दहा. अकरा लिहून खोडलं, कारण अकरा नंबरात निन्यो ब्लीच लावल्यावरच गेला होता. खाली सही केली. कागद विल्मारच्या खोलीत मेजावर ठेवला, वर पाण्याचा पेला ठेवला, पेला पुसला.

दोन वाजता तिनं ॲप्रन काढून उकळायच्या कपड्यांत टाकलं. खिसा आधी उलटा करून बघितला. रिकामा होता. क्रिस्पुलो फाटकाबाहेर थांबला होता, हातात उरलेल्या चार पुड्या.

शारीस तेव्हा बारा दारांमागच्या बारा याद्यांवर जाड पेननं एकेक ओळ वाढवत होती. किर्बीला संध्याकाळपर्यंत एकदाच जुलाब झाला. अकरा नंबरातल्या मुलीला ताप नाही, जुलाब नाही. लक्षणं दिसायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून शारीसच्या हिशोबानं शुक्रवार सकाळपर्यंत वाट बघावी लागेल.

ड्यूटीच्या फळ्यावर बुधवारची पाळी लागलेली आहे: लहान मुलांचा वॉर्ड, साडेपाच ते दोन, कबाहुग. दारामागच्या यादीत आता अठरा जागा आहेत. अठरावी ओळ अशी आहे: निन्योचा डबा, चारही बाजू आणि झाकण, दहा मिनिटं ओला ठेवणे.